हनुवटीचे चार दिवस

माझी मावशी चष्म्याच्या दुकानात काम करते. एकोणीस वर्षं झाली. गिऱ्हाईक आलं की खुर्चीत बसवायचं, नाकावर फ्रेम टेकवायची, कानामागे बोट घालून दांडी रुततेय का बघायचं आणि मग एवढीशी पट्टी धरून डोळ्यांतल्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं. त्यासाठी समोरच्याच्या तोंडापाशी वीतभर अंतरावर तोंड न्यावं लागतं. "माझ्या कपाळाकडे बघा हं," असं ती प्रत्येकाला सांगते. दुकानातली दुसरी बाई नुसतं "इकडे बघा" म्हणते. कपाळ फक्त मावशी म्हणते.

कारण मावशीच्या हनुवटीवर केस येतात. लव म्हणून सोडून द्यावेत असले नाहीत, चांगले जाड, झाडूच्या काडीसारखे. सकाळी नळ धो धो सोडून ती बाथरूममध्ये चिमटा चालवते. आई बाहेरून ओरडते, "ताई, टाकी रिकामी करतेस का आता?" आणि आतून उत्तर येतं, "आलेच!" हे "आलेच" तोंड वाकडं करून, हनुवटी ताणून म्हटलेलं असतं. मला ते हुबेहूब जमतं. जाड भिंगाच्या गिऱ्हाइकांवर मावशीचा विशेष जीव. त्यांचा जुना चष्मा काढून ठेवला की समोर बाई आहे की कपाट हेही त्यांना कळत नाही.

घरात आम्ही तिघी, आई, मावशी आणि मी. मला सगळे रेडिओ म्हणतात. एका रविवारी मामा-मामी रात्रीच्या जेवणाला आले होते. जेवणं झाल्यावर मामा म्हणाला, "काय रेडिओ, लाव की स्टेशन!" मग काय, मी सुटलेच. आमच्या मुख्याध्यापकांचं शिंकणं झालं, खालच्या मजल्यावरच्या काकूंचं फोनवरचं "नाही हो, मी कुठे काय बोलले?" झालं, दुकानाच्या मालकांचं "मॅडम, ही फ्रेम तुमच्यासाठीच जन्माला आलीय" झालं. मामा पोट धरून हसत होता. आणि हसणारं माणूस समोर असलं की मला ब्रेक नसतो. मी मावशी केली. हनुवटी तळहातात झाकली, मान तिरकी केली, म्हणाले, "माझ्या कपाळाकडे बघा हं." आणि अंगठा हळूच हनुवटीखाली फिरवला, एखादा राहिलाय का ते चाचपत.

अंगठ्याचं ते माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. आता सगळ्यांच्या आलं. मामी आधी हसली, मग तिने जीभ चावली. चहाचा ट्रे घेऊन मावशी दारात उभी होती. सगळ्यांत मोठ्याने तीच हसली. "अगं, किती गं तू अवली!" म्हणाली, कप ठेवले आणि साखर आणायला आत गेली. साखर ट्रेमध्येच होती.

दुसऱ्या दिवसापासून मावशीचा हात हनुवटीवर गेला नाही. टीव्ही बघताना ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. मला सॉरी म्हणता आलं नाही. म्हणायचं म्हणजे कशाबद्दल ते सांगावं लागलं असतं.

आठवडाभराने तिनेच विचारलं, "शनिवारी दुकान सुटल्यावर मोकळी आहेस? एका ठिकाणी यायचंय. तू बोल. तुला बरं बोलता येतं."

ते ठिकाण म्हणजे त्वचेच्या डॉक्टरांचा दवाखाना. काउंटरवरची ताई हसऱ्या आवाजात, भरल्या बाकांसमोर म्हणाली, "लेझर ना? कुठल्या भागाचं? अप्पर लिप, चिन, की फुल फेस?" मी तोंड उघडायच्या आत मावशीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हिचं. हिच्यासाठी आलोय."

मी मान डोलावली. तेवढं तरी तिचं देणं लागत होते.

आत डॉक्टरीणबाईंनी माझ्या हनुवटीवर दिवा मारला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा बघितलं. "बाळ, इथे तर काहीच नाही. कोणी चिडवतं का तुला शाळेत?"

"नाही," मी म्हणाले. "चिडवते मीच."

मावशी खाली बघत होती. मग तिने पर्समधून रुमाल काढला, हनुवटीवरची पावडर पुसली आणि चेहरा दिव्याखाली नेला. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

डॉक्टर चांगल्या होत्या, चक् वगैरे केलं नाही. म्हणाल्या, "आधी रक्ताची तपासणी करू, हार्मोन्सची. मग ठरवू. लेझर काळ्या केसाला धरतं, त्याच्या रंगाला. पांढऱ्याला धरतच नाही. तुम्ही उपटता ना? मग महिनाभर उपटणं बंद, मुळं जागेवर हवीत. ब्लेड चालेल. म्हणजे बाहेर कुणाला कळणार नाही. दुसरं इलेक्ट्रोलिसिस. बारीक सुई, एकेका केसाच्या मुळाशी, थोडासा करंट. काळा, पांढरा, सगळे जातात आणि जातात ते कायमचे. पण वेळखाऊ. वर्ष, दीड वर्ष. आणि दर वेळी आधी चार दिवस केस वाढू द्यायचे. चिमट्यात यायला हवेत."

"वाढू द्यायचे म्हणजे... तसेच?" मावशीने विचारलं.

"तसेच."

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "लेझर. ठरलं."

घरी तिने भिंगाचा आरसा काढला आणि पहिल्यांदाच मला बाथरूममध्ये घेतलं. "तुझे डोळे चांगले आहेत, बघ." मी बघितलं. नुकतं डोकं वर काढलेले धरून काळे नऊ निघाले. पांढरे तेवीसपर्यंत मोजले आणि थांबले.

"लेझरने नऊ जातील," मी म्हणाले.

"आणि बाकीचे बसतील पंचायत भरवून." तिने आरसा पालथा ठेवला. "लाज घालवायची तर आधी वाढवा म्हणतात. चार दिवस. माझ्या कामात!"

रक्ताचा रिपोर्ट ठीक आला, काळजीचं काही नव्हतं. मावशीने इलेक्ट्रोलिसिसची सोमवारची वेळ घेतली. सोमवारी दुकान बंद असतं, पण आधीचे चार दिवस उघडं. दुसरी बाई बाळंतपणाच्या रजेवर, त्यामुळे सुट्टीचं नावच नको.

गुरुवारी काही दिसलं नाही. शुक्रवारी तिने मास्क लावला, सर्दी झाली म्हणून सांगितलं. शनिवारी मालक म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक घाबरतंय, सर्दी असेल तर मागे बसा, नसेल तर मास्क काढा." पाहिलंत, मालकांची नक्कल इथेही झालीच. मागे बसली तर मोजमाप कोण घेणार? मावशीने मास्क काढला. संध्याकाळी घरी येऊन तिने चिमटा आईच्या हातात दिला. "लपवून ठेव. मागितला तरी देऊ नकोस."

रविवारी ती डबा विसरून गेली. आई म्हणाली, "जा, देऊन ये." मी दुकानापाशी पोचले. बाहेर मोठी काच. आत माझ्या वर्गातल्या दोघी फ्रेमा लावून लावून सेल्फी काढत होत्या. मावशी त्यांतल्या एकीच्या समोर वाकून पट्टी धरून होती. दारातून ऊन सरळ तिच्या चेहऱ्यावर येत होतं. काळे, पांढरे, सगळे उभे. वर्गातलीने डोळे वर केले, खाली आणले आणि मैत्रिणीच्या पायावर पाय दिला. मैत्रिणीने ओठ घट्ट मिटले, गाल फुगले.

मावशीला ते दिसलं. तिची पट्टी हलली नाही. तिने आकडा लिहून घेतला आणि मान वर केली, तेव्हा काचेबाहेर मी.

मी आत जायला हवं होतं. दोन पायऱ्या होत्या. "मावशी, डबा," एवढेच दोन शब्द. मला शंभर माणसांचे आवाज काढता येतात आणि हे दोन शब्द येईनात. त्या दोघी वळतील आणि कळेल की ही माझी कोण, एवढंच डोक्यात होतं. मी वळले आणि डबा घेऊन चालत सुटले. कोपऱ्यावरच्या बाकावर बसून तो मीच खाल्ला, म्हणजे आईला रिकामा दाखवता येईल.

संध्याकाळी आईने विचारलं, "डबा पुरला का गं ताई?"

"पुरला," मावशी म्हणाली.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी न विचारता तिच्याबरोबर गेले. छोटी खोली, एक उंच खाट, त्यावर भिंगाचा दिवा. सुई चालवणारी बाई ठेंगणी आणि फटकळ होती. "वा, छान वाढवलेत!" म्हणाली, जणू मावशीने अंगणात भाजी लावली होती. मावशी आडवी झाली. मशीन बारीक टिक करायचं, मावशीच्या पायाचा अंगठा ताठ व्हायचा, आणि चिमट्यात एक केस अलगद निघून यायचा. मी भिंतीशी स्टुलावर बसले होते.

सात-आठ झाल्यावर मावशी डोळे मिटूनच म्हणाली, "त्या दोघी तुझ्या वर्गातल्या ना?"

"हो."

"वाटलंच. बरं केलंस आली नाहीस. उगाच शाळेत तुला..."

ती रागावली असती तर त्या रागाची नक्कल तरी मी केली असती कधीतरी; हा समजुतीचा आवाज मला काढता येणार नव्हता.

"पुढच्या वेळी मी आत येऊन देईन डबा," मी म्हणाले. "त्या असल्या तरी."

"नको गं," मावशी म्हणाली. अगदी साधेपणाने, पाऊस नाही तर छत्री नको म्हणावं तसं. "मी आठवणीने घेऊन जाईन."

"मावशी, मी खरंच..."

"बोलू नका दोघी," सुईवाली बाई म्हणाली. "हनुवटी हलते."

मावशीने तोंड मिटलं. मीही मिटलं. मशीन टिक करत राहिलं.