बेवारस मनगटावरचं घड्याळ

दुरुस्तीवाल्यानं तुमच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं, तेव्हा आतल्या बाजूला सुईनं काय कोरून ठेवलं, हे तुम्ही कधी विचारलंय का? नसेलच विचारलं. मीही विचारलं नव्हतं.

विचारायची वेळ आली परवा, मंगळवारी. हायवेवर गाडीनं उडवलेला साठीचा एक माणूस कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात बेशुद्ध पडला होता. खिशात मोबाईल नाही, कागद नाही. अशा पेशंटांची माणसं शोधणं हे माझं काम. कुणी नेमलेलं नाही, मीच अंगावर घेतलेलं. डॉक्टर म्हणाले, "ताई, नातेवाईक असतील तर दोन-तीन दिवसांत आणा. पुढचं सांगता येत नाही." त्याच्या अंगावर ओळख पटेल अशी एकच वस्तू होती, चावीचं जुनं एचएमटी. सिस्टरांना सही दिली, घड्याळ घेतलं आणि राजारामपुरी गाठली.

तिथल्या रुद्राप्पांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान म्हणजे जिन्याखालची चार बाय पाचची जागा. वय सत्तर. इचलकरंजीत गुरूंकडं शिकले, आणि एक्केचाळीस वर्षं इथं बसलेत. मान पुढं वाकलेली ती वाकलेलीच, उजव्या डोळ्याला भिंग. शेजारची दुकानं मोबाईलची झाली. हे अजून चावीचं घड्याळ खोलून, चाकं धुऊन, तेल देऊन परत करतात. तेल किती, तर सुईच्या टोकावर मावेल एवढं. जास्त झालं की धूळ धरतं, कमी पडलं की चाकाची टोकं झिजतात. हे सगळं मला त्यांनी कितीदा ऐकवलंय, आणि दर वेळी मान खाली घालूनच.

"रुद्राप्पा, हे कुणाचं?"

त्यांनी घड्याळ कानाला लावलं. "चालतंय की. तक्रार काय हाय?"

"तक्रार घड्याळाची न्हाय. ज्याचं हाय त्यो मरायला टेकलाय."

त्यांचा हात थांबला. पातळ पात्याचा चाकू घालून त्यांनी झाकण उचकटलं आणि भिंगाखाली धरलं. आत केसासारख्या बारीक ओरखड्यांनी काहीतरी लिहिलेलं.

"हे आमच्या गुरूंचं. कानडी आकडे. इचलकरंजीत ते एकटेच असं लिहायचे. त्यांना जाऊन झाली पंधरा वर्षं." मग झाकण जरा फिरवून, "आणि ही माझी खूण."

गोलात एक टिंब. पुढं ३/१९.

रीतच आहे ती या धंद्यात. ज्यानं खोललं त्यानं आपली खूण, महिना आणि साल कोरायचं. घड्याळ परत आलं, तर शेवटचा हात कुणाचा लागला ते कळतं.

"म्हणजे माणूस तुमच्याकडं आलता! नाव काय त्याचं?"

"न्हाय म्हाईत."

"दिसायला कसा? दवाखान्यात येऊन ओळखाल?"

"ताई, मी घड्याळ बघतो. माणूस न्हाय बघत."

माझं डोकं सटकलं. "एक्केचाळीस वर्षं गिऱ्हाईक नाकासमोर उभं राहतंय आणि तुम्हाला एक तोंड आठवत न्हाय?"

डबा घेऊन आलेल्या गंगव्वा, त्यांच्या मंडळी, मागनं म्हणाल्या, "माझं तरी आठवतंय का इचारा. परवा बाजारात मलाच विचारत हुते, काय पावणं, कुठलं गाव?"

एरवी मी हसले असते. रुद्राप्पाही हसले नाहीत. झाकणाच्या कडेला साचलेले पांढरे तंतू त्यांनी चिमट्यानं उचलले. "कापूस. यंत्रमागाच्या शेडमधी राबणाऱ्याच्या घड्याळात असाच साचतोय. उद्या दुकान बंद. इचलकरंजीला जाऊ."

बुधवारी एसटीत ते सारखं घड्याळ कानाला लावत होते. चावी दिलेली, काटे फिरत होते, तरी लावत होते. माझं लक्ष फोनवर. वाजला की झडप घालून उचलायचे, दवाखान्यातनं असेल म्हणून.

चार शेड हिंडलो. कुणी ओळखलं नाही. पाचव्या शेडात मागांच्या खडखडाटात माग दुरुस्त करणाऱ्या जॉबर जोतीरामनं घड्याळ हातात घेतलं आणि ओरडलाच, "मल्लूमामाचं हाय की! ही काच बघा, मागाचा धोटा उडून तडकलीया. माझ्यासमोर!"

त्याला बाहेर ओढलं. "पूर्ण नाव?"

"आम्ही मल्लूमामाच म्हणायचो. हजेरीलाबी मल्लूच."

"गाव?"

"खाली, कर्नाटकच्या अंगाला. कानडी बोलायचा. सोमवारपासनं आला न्हाय, वाटलं गावाला गेला. फोन लावला, बंद."

"घरात कोण?"

"बायको वारली. एक पोरगी हाय, सुष्मिता. तिला राजारामपुरीत क्लासला घातलती, लई कौतुक. आता कुठं असती, द्येव जाणे."

रुद्राप्पा पायरीवर बसले ते बसलेच. घड्याळ मुठीत धरून म्हणाले, "ती आलती बापाबरोबर. जिन्यात बसलीती. बापाला म्हणाली, अप्पा, नवीनच घ्या की, हे काय आता नीट व्हतंय. मला राग आला, म्हणून ध्यानात ऱ्हायलं. पण मान वर केली न्हाय. चार फुटावर पोरगी, ताई. एकदा बघितलं असतं तर…"

शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, त्याऐवजी राजारामपुरीतल्या क्लासना फोन लावायला घेतला.

रुद्राप्पांच्या दुकानाच्या डोक्यावरचा क्लास कधीच हलला, तिथं आता दाताचा दवाखाना आहे. बाकीचे क्लास म्हणाले, एवढं जुनं रेकॉर्ड ठेवत नाही. आज गुरुवार. रुद्राप्पा सकाळपासून खाटेशेजारी बसलेत, भिंग न लावता त्या माणसाच्या तोंडाकडं बघत. मधनंच कानाशी वाकून कानडीत हाक मारतात. दुपारी डॉक्टर म्हणाले, आजची रात्र निघणं अवघड.

म्हणून तुम्हाला सांगते. २०१९ साली राजारामपुरीत क्लासला तुमच्या वर्गात सुष्मिता नावाची पोरगी होती का, जिचा बाप इचलकरंजीला मागावर होता? होती, तर क्लासचा जुना ग्रुप उघडा, तिचा नंबर काढा आणि आत्ताच्या आत्ता लावा. सांगा तिला, अप्पा कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात आहेत, श्वास चालू आहे, असशील तशी निघ.