त्रेसष्टाव्या पानावरची वाट

सन चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मेडशीकडच्या एका गावात जमिनीच्या नोंदींचे नवे छापील नमुने आले. एकर-गुंठे गेले, हेक्टर-आर आले. गोविंदसिंग पटवारी तीन महिने जुन्या पानांवरून नव्यावर नोंदी उतरवत बसला. उतरवून झालेल्या पानावर तो लाल पेन्सिलीने खूण करी. अशी पानं कापडी बस्त्यातून सोडवून जाळायचं काम कोतवाल देवमनकडे होतं.

जुन्या पानात शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात मागच्या पटवाऱ्यांनी हाताने लिहून ठेवलेलं असे, कोणाच्या विहिरीवर कोणाचं पाणी, कोणाच्या बांधावरून कोणाचं जाणंयेणं. त्रेसष्टावं पान रंगरावाच्या शेताचं. त्याच्या शेऱ्यात बौद्धपुऱ्याच्या मसनवटीची वाट होती, 'पूर्व बांधाने, बैलगाडी जाईल इतकी'.

“साहेब, त्रेसष्ट पाहून घ्यान बरं,” देवमनने दोनदा सांगितलं होतं.

“अरे, तुह्या घरचा चहा पेतो मी. तुही वाट इसरीन काय?”

चहा तो खरंच पीत असे. बौद्धपुऱ्यात देवमनच्या बाजेवर बसून, घरच्याच कपबशीत चहा घेणारा तो गावातला पहिला पटवारी. देवमन चौथी शिकलेला. नवं पान उघडून पाहणं त्याला अवघड नव्हतं. पण जो माणूस आपल्याकडे बसून चहा पितो त्याचं लिहिणं तपासायचं, हे त्याला बरं दिसेना. त्रेसष्टावर लाल खूण होती. त्याने चावडीमागे सगळ्या पानांबरोबर ते जाळलं आणि 'प्रत्येक शेरा नव्या पानाशी ताडून पाहिला' अशा पंचनाम्यावर सही केली.

पोळा झाला आणि रंगरावाच्या गड्यांनी पूर्व बांध बाभळीच्या काट्यांनी बंद केला. देवमन तडक चावडीत गेला, नवं दप्तर काढलं. शेऱ्याचा रकाना कोरा होता.

“साहेब, इथं काहीच नाही.”

“जुन्यात नसन,” गोविंदसिंग सुपारी कातरत म्हणाला.

“होतं. म्या सोता वाचलं हाय.”

“मंग दाखव.”

“जाळलं ना! तुमची लाल खूण पाहून जाळलं.”

“खूणबी जळली मंग.” त्याने पंचनामा पुढे सरकवला. “हे पाय. ताडून पाहिलं म्हनते कोन? सही कोनाची?”

देवमनला आपलीच सही परक्यासारखी दिसली. “काहून केलं असं?”

“रंगरावभाऊनं शब्द टाकला. अन् नाल्याकून वाट हायच की. मेलेल्याले कायची घाई हाय?”

घरी बायकोने, भागिरथेने, एवढंच विचारलं, “आपल्या हातानं जाळलं?”

“हो.”

“आता पुऱ्यात काय सांगसान?”

त्याने पुऱ्यात तेच सांगितलं. दोघे-तिघे उठून गेले. एक म्हातारा म्हणाला, “तुले चहानं इकत घेतलं बाप्पा.”

सोमवारी तो एसटीने वाशीमला गेला. अर्जनवीसाने हकीकत ऐकून घेतली. “पटवाऱ्यानं फसवलं, एवढंच लिहू. सहीचं काढलं त नोकरी जाईन तुमची.”

“सही खरी धरली त जुन्यातबी शेरा नव्हता असंच होते,” देवमन म्हणाला. “मंग कोऱ्या रकान्याले कोनी इचारनार नाही. पयल्या ओळीत लिहा, म्या न पाहता सही केली.”

“इचार करा.”

“केला. एसटीत तेच करू राह्यलो होतो.”

कोतवालकी दिवाळीआधी गेली. अर्ज चौकशीला लागला. आठ वर्षं ज्या बाजेवर बसून चहा घेतला, तिच्या समोरून गोविंदसिंग मान खाली घालून जाऊ लागला. वाटेचा निकाल काही लागला नव्हता. पण नवा कोतवाल चौकशीची नोटीस घेऊन गेला, आणि पूर्व बांधावर वाट होती की नव्हती हे रंगरावाला पहिल्यांदाच आपल्या सहीनिशी लिहून द्यावं लागलं.