सहर्ष राजीनामा

शाळेतला केर कधी संपत नाही. सकाळी काढा, मधल्या सुट्टीनंतर पुन्हा तेवढाच. पेन्सिलींचे ढलपे, बोरांच्या बिया, फुटक्या बांगड्या, रिबिनींचे तुकडे. किश्श्यांचंही तसंच. मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत झाडू मारला आणि घंटा वाजवली, त्यामुळे दोन्ही भरपूर साठलं. केर रोजचा रोज टाकून दिला. किस्से कुठे टाकणार?

आमची शाळा लष्कर नावाच्या जुन्या संस्थानी शहरात, जयेंद्रगंजात, एका पंसाऱ्याच्या म्हणजे किराणा-मसालेवाल्याच्या दुकानावर होती. वर्गात हिंगाचा वास यायचा. मराठी मुलींची शाळा, पहिली ते चौथी. मोठ्या बाई म्हणजे आठल्येबाई. वाईहून एकट्या आलेल्या, पांढरं पातळ, कडक आवाज. दर वर्षी एप्रिलात त्या शाळेचा अहवाल लिहायच्या, ‘वर्षातील बातम्या व यश’. लिहायला बसल्या की मला हाक मारायच्या.

“शिवराम, या वर्षी काय काय चांगलं झालं, सांगा बरं.”

माझी स्वतःची शाळा दुसरीत सुटली. पण लक्षात सगळं राहायचं. फक्त मी सावकाश बोलतो. मी आठवून तोंड उघडेपर्यंत बाईंच्या टाकावरची शाई वाळायची!

हे किस्से शेवटच्या वर्षाचे. संस्थान जाऊन मध्यभारत झाला होता. त्या वर्षी तोही मोडून मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. पाठोपाठ आमच्याकडे कागद आला. मार्चातल्या तपासणीत मराठी वर्गांत चाळीस मुली असल्या तर शाळा राहील. नसल्या तर स्टेशनकडच्या, पडावाजवळच्या हिंदी कन्याशाळेत विलीन.

बाईंनी कागद दोनदा वाचला. “संस्थानं विलीन करून झाली. आता चौथीच्या पोरी!”

*

चौथीत बेबी नावाची मुलगी होती. वडील कोर्टात मुनशी. तिची जीभ वकिलाची.

नोव्हेंबरात इन्स्पेक्टरसाहेब नुसते बघायला म्हणून आले. भला माणूस, पण मराठीचा म सुद्धा येत नव्हता. त्यांनी बेबीला उभं केलं.

“बेटी, तुम्हारे राज्य का नाम बताओ.”

बेबी विचारात पडली. तिने बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांना अगदी अदबीनं विचारलं,

“साहब, आज का?”

*

नवा बोर्ड आला. मोठा, निळा, वर पांढऱ्या अक्षरांत ‘शिक्षा विभाग’.

आमच्या लष्करातल्या लोकांना हिंदी चांगली कळते. शिक्षा म्हणजे शिक्षण, इतकं तर टांगेवाल्यालाही माहीत. पण एक आजीबाई साताऱ्याकडून नुकत्याच लेकीकडे आल्या होत्या. नातीला पोचवायला जिन्यापर्यंत आल्या आणि बोर्ड वाचून तिथेच थांबल्या.

“अगो बाई! मुलींना शिक्षा करायला सरकारनं निराळं खातं काढलंय?”

मी शिडीवर होतो, हातात खिळे. वरून बाईंचा आवाज आला. “शिवराम, बोर्ड चांगला घट्ट ठोका. निदान हे खातं तरी नावाप्रमाणे वागणार आहे!”

*

मग थंडी पडली आणि ऑफिसं भोपाळला निघाली. ऑफिसांबरोबर बाबू, बाबूंबरोबर बायका, बायकांबरोबर आमच्या मुली.

जाणारी मुलगी शेवटच्या दिवशी गजक वाटायची, तिळगुळाची खुसखुशीत वडी. बाई दाखल्यावर सही करायच्या, मुलगी पाया पडायची, आणि टांगा पडावाकडे स्टेशनला जायचा. त्या थंडीत मी इतकी गजक खाल्ली, की अजून तिचा तुकडा तोंडात घातला की वाटतं, कोणीतरी गाव सोडतंय.

बाई रोज हजेरी मोजायच्या. मी चपला मोजायचो. वाचण्यापेक्षा मला ते सोपं. दिवाळीला सेहेचाळीस जोड होते. संक्रांतीपर्यंत एकोणचाळीस.

एके दिवशी सकाळी मोजले तर चाळीस! पुन्हा मोजले. चाळीसच. मी धावत जिना चढलो. माझ्या हिशेबानं धावत.

“बाई! चाळीस! चाळीस भरले!”

बाई फळ्यापासून वळल्या. तोंडावर असा आनंद, की काय सांगू. घाईनं जिन्याच्या तोंडाशी आल्या, खालच्या चपलांकडे पाहिलं, आणि मग आपल्या अनवाणी पायांकडे.

“शिवराम,” त्या हळू म्हणाल्या, “त्यात माझा जोड आहे.”

*

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन टोपी बाजारात निघाल्या, मराठी मुली शोधायला. दार ठोठावायचं, नमस्कार करायचा, विचारायचं. माणसं चहा देत होती, मुली देत नव्हती.

शेवटी एका टोपीवाल्याकडे गेलो. घराणं मूळचं फौजेतलं, माझ्यासारखंच. तलवारी गेल्या, टोप्या आल्या. त्याची सात वर्षांची मुन्नी गादीवर बसून टोप्यांना फुंदे, म्हणजे गोंडे, लावत होती.

“बाईसाहेब, मराठी तर घरात आहेच,” टोपीवाला म्हणाला. “पण नोकरी आता हिंदीतच मिळेल ना? मी हिला हिंदीत घालून राहिलो आहे, जुलैपासून.”

“जुलैला अजून वेळ आहे,” बाई म्हणाल्या. “तोपर्यंत आमच्याकडे पाठवा.” मग मुन्नीजवळ बसल्या. “येशील का गं?”

मुन्नीनं मान हलवली. “नहीं. मराठी बोलने में मुझे हँसी आती है.”

टोपीवाला शरमला. मला वाटलं, बाई आता उठतील. बाईंनी गादीवरचा एक फुंदा उचलला, मुन्नीच्या हातात दिला आणि म्हणाल्या,

“मग हसायला ये.”

आणि ती आली! पहिले आठ दिवस नुसती हसत होती. वर्ग शिकायचा, ही हसायची. पण चपला चाळीस भरल्या. या वेळी मी बाईंचा जोड बाजूला ठेवून मोजले.

*

बेबी आणि मुन्नीचं पटेना. बेबी मुन्नीच्या मराठीला हसायची, मुन्नी स्वतःच्या मराठीला हसायची, पण बेबी हसलेली तिला खपायची नाही. एका दुपारी दोरीच्या उड्यांवरून जुंपली आणि मुन्नी बेबीच्या दंडाला कडकडून चावली.

बाई त्या दिवशी मोठ्या ऑफिसात गेलेल्या. दोघींना मी समोर बसवलं. काय बोलावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात बेबीनंच वहीचं पान फाडलं आणि वडिलांसारखं गुडघ्यावर ठेवून लिहिलं. मग मोठ्यानं वाचून दाखवलं.

“राजीनामा. आम्ही दोघी राजी आहोत. मुन्नी चावणार नाही. बेबी हसणार नाही.”

मुन्नीला सही करता येत होती. पण अंगठा जास्त पक्का असतो असं बेबी म्हणाली, म्हणून शाईत बुडवून अंगठा. आणि गवाह, म्हणजे साक्षीदार, म्हणून माझाही!

आता आमच्या इकडे कोर्टात दोन भांडणारे राजी झाले, की त्या कागदाला राजीनामाच म्हणतात. नोकरी सोडायची तर इस्तीफा. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, हेही मला ठाऊक होतं. आमच्या घरात दोन्ही चालायचं. बाईंना इकडचा अर्थ ठाऊक होता की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी बाई दमून आल्या. म्हटलं, कागद उद्या दाखवू, हसतील. उद्या राहून गेलं. तो कागद माझ्या कोटाच्या खिशातच राहिला.

*

मार्चात इन्स्पेक्टरसाहेब मोजायला आले. स्वतः एकेका डोक्यावर बोट ठेवून मोजलं. चाळीस. बाईंनी पदरानं घाम पुसला.

मग साहेबांची नजर मुन्नीवर गेली. “बेटी, घर में क्या बोलती हो?”

मुन्नी ताडकन उभी राहिली. शाळा वाचवायची आहे, हे तिला बेबीनं पढवलेलं. छाती पुढे काढून म्हणाली,

“मराठी, साहब! हमारे यहाँ तो सब मराठी ही बोलते हैं. दादा, दादी, सब! हिंदी तो हमको ठीक से आती भी नहीं!”

साहेब खूश झाले. शेरेबुकात लिहून गेले, ‘कन्याओं की हिन्दी उत्तम है.’

बाईही खूश. म्हणाल्या, “हे यंदाच्या यशात पहिलं लिहायचं हं, शिवराम.”

पंधरा दिवसांनी ऑफिसचं पत्र आलं. ‘संख्या पूर्ण है. किन्तु कन्याओं की हिन्दी उत्तम होने से विलय में कोई कठिनाई नहीं है. प्रधानाध्यापिका अपनी लिखित सहमति भेजें.’

*

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी मला बोलावलं.

“माझी संमती हवी आहे त्यांना. त्याशिवाय हुकूम निघत नाही. शिवराम, मी ही नोकरीच सोडते. नवी बाई शोधायला, नेमायला त्यांचं वर्ष जाईल. तेवढ्यात चौथीच्या मुली पार होतील, तिसरीच्या चौथीत जातील. एक वर्ष मिळालं तरी पुष्कळ झालं.”

“आणि तुम्ही, बाई?”

“मी काय? मी एकटी.”

त्यांनी लिहिलं, पाकीट बंद केलं आणि माझ्या हाती दिलं. बंद पाकीट, आत काय शब्द आहेत ते मला कसं कळणार?

ऑफिसात सक्सेनाबाबूंनी ते माझ्यासमोर फोडलं. मराठी त्यांना येत नव्हती, पण अक्षरं तीच. बोट फिरवत मोठ्यानं वाचलं. “राजीनामा. आपल्या पत्राच्या उत्तरादाखल मी हा राजीनामा सादर करीत आहे. कृपया मंजूर व्हावा.”

बाबूंचं तोंड उजळलं. “अरे वाह! राज़ी हो गईं! हम तो समझे थे बहनजी लड़ेंगी.”

मी टेबलाशी पुढे झालो. “बाबूजी, यह राजीनामा...”

“हाँ हाँ, राज़ीनामा.”

“नहीं... हमारी मराठी में...”

थाप्! शिक्का बसला.

“अब सब हिंदी में, शिवराम!” बाबू म्हणाले, आणि कागद साहेबांकडे आत गेला.

मी तासभर बाकावर बसून राहिलो. मनात सगळं वाक्य जुळवून ठेवलं होतं. आत कोणी बोलावलं नाही. ऑफिस बंद झालं.

परत आलो तर बाई जिन्यात उभ्या. “दिला?”

“दिला, बाई.”

“काय म्हणाले?”

 त्यांच्याच हातच्या कागदानं शाळा गेली, हे कसं सांगायचं?

“खूश झाले,” मी म्हटलं.

बाईंनी कठड्याला धरलं. म्हणाल्या, “इतकी वर्षं शिकवलं. मी जाते म्हटल्यावर खूश झाले का? बरं.”

माझ्या सबंध जन्मात मी एवढं एकच वाक्य घाईनं बोललो असेन. आणि तेच चुकलं.

*

विलीनीकरणाचा हुकूम आठ दिवसांत आला. त्या वर्षीचा अहवाल बाईंनी लिहिला नाही. ऑफिसनं लिहिला. एप्रिलअखेर पडावाजवळच्या हिंदी कन्याशाळेत दोन्ही शाळांचा मिळून समारंभ ठेवला. मांडव, झेंडे, लाउडस्पीकर. पुढे तिथल्या मुली, मागच्या सतरंजीवर आमच्या चाळीस. बाईंना पहिल्या रांगेत खुर्ची. मी मागे, आमच्या मुलींपाशी, शाळेची घंटा फडक्यात बांधून मांडीवर घेऊन बसलो होतो. ती जमा करायची होती.

इन्स्पेक्टरसाहेब उभे राहिले आणि कागद उलगडला.

“इस वर्ष की उपलब्धियाँ. सबसे पहली! मराठी कन्याशाला की प्रधानाध्यापिका श्रीमती आठल्ये ने सहर्ष राज़ीनामा दिया, जिसे शासन ने सधन्यवाद स्वीकार किया!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाई खुर्चीवरून उठल्या. साहेबांना नमस्कार केला. मग मागे वळून आमच्या मुलींना नमस्कार केला. टाळ्या आणखी वाढल्या. साहेबही टाळ्या वाजवत होते, मनापासून. बाईंनी पदर खांद्यावरून घेतला आणि मांडवाच्या मधल्या वाटेनं, कोणाकडे न बघता, फाटकाकडे चालू लागल्या.

मुन्नीनं माझी बाही ओढली.

“मामा,” ती म्हणाली, “बाई तर जाऊन राहिल्या आहेत. मग सगळे टाळ्या का वाजवून राहिले?”