थोरलीची पारख

थोरल्या जावेने एखाद्या हत्याराला बरं म्हटलं, की हौशी मंडळातले लोक डोळे मिटून ते विकत घेत. घरच्या घरी दिवे, घड्याळं, खेळण्यातल्या गाड्या बनवणाऱ्यांचं ते मंडळ. तारा डाखायचं सोल्डरिंग आयर्न असो की वीज मोजायचा मल्टिमीटर, पारख हिचीच. नियमही कडक: आधी दुसऱ्या कुणीतरी कंपनीच्या नावावर चिकटपट्टी लावायची, म्हणजे नावाला भुलायला नको. नवरा म्हणायचा, "माझ्या आडनावावर पट्टी लावून बघितलं असतंस, तर नापासच झालो असतो."

मग धाकटी जाऊ घरात आली, ती थ्रीडी प्रिंटर घेऊनच. सासूबाईंच्या चष्म्याची तुटलेली काडी तिने दुपारभरात छापून बसवली, आणि सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला चष्मा काढून दाखवू लागल्या. त्यांचा रेडिओ थोरली वर्षानुवर्षं दुरुस्त करत आली होती. त्याबद्दल कधी चकार शब्द निघाला नव्हता. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रिंटरचा आवाज फार होतो, प्लॅस्टिकचा वास येतो, काडीच्या कोपऱ्यावर बारीक फुगवटा राहतो, असं ती जमेल तिथे ऐकवू लागली. धाकटी शांतपणे म्हणायची, "हो ताई, तो फुगवटा काही केल्या जात नाही."

त्या महिन्यात मंडळाला नवशिक्यांसाठी एक सोल्डरिंग आयर्न निवडायचं होतं. चिटणीसांनी पट्ट्या लावून पाच नग टेबलावर मांडले. थोरलीने नेहमीप्रमाणे तांब्याच्या जाड पट्टीला वायर जोडून पाहिली. एकाचं टोक लगेच थंड पडायचं, दुसऱ्याची विजेची वायर काठीसारखी ताठ. शेवटचा नग मात्र हातात लोण्यासारखा फिरला. टाका गोल आणि चकचकीत आला. तिने कौतुकाने आयर्नची मूठ उलटी करून पाहिली, आणि कोपऱ्यावर तोच बारीक फुगवटा दिसला.

म्हणजे ही मूठ घरातल्याच प्रिंटरवर छापलेली. आता धाकटी इथेही पुढे येणार, आणि लोक पारख करायलाही तिलाच बोलावणार. थोरलीने मूठ पुन्हा धरून पाहिली. ती गार होती.

"टोक उत्तम, टाका उत्तम, वायरही मऊ," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "पण मूठ तापते. नवशिक्याचा हात भाजेल."

कुणी हात लावूनही पाहिला नाही. तिने म्हटल्यावर बघायचं काय? मंडळाने दुसरा नग निवडला. मागच्या खुर्चीवर, नुसतं बघायला म्हणून आलेली धाकटी बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली चहा ठेवायला गेली, तर धाकटी ओट्याशी तेच आयर्न चालू करून, उघड्या हाताने त्याची मूठ घट्ट धरून उभी होती.

"हे मी बनवलंय, ताई. तुम्ही नाव न बघता खरं सांगाल, म्हणून चिटणीसांकडे गुपचूप दिलं होतं." तिने हात बदलला. "कधीची धरून उभी आहे. मला का जाणवत नाही? माझ्याच हाताला सवय झाली असेल का?"

थोरलीला वाटलं, हो म्हणावं आणि सुटावं. पण त्या पोरीचा स्वतःच्या हातापेक्षा हिच्या शब्दावर जास्त विश्वास होता, आणि ते तिला सोसवेना.

"तापत नाही ती," ती म्हणाली. "तुझं आहे हे मला कळलं होतं. माझ्याने बघवलं नाही, म्हणून खोटं बोलले. मंडळातही सांगेन."

धाकटीने आयर्न बंद केलं. ती रागावेल, रडेल, सासूबाईंना हाक मारेल, या सगळ्याची थोरलीने तयारी ठेवली होती. धाकटीने ते टोक ओल्या फडक्याने पुसलं.

"मग टाका उत्तम म्हणालात," तिने हळूच विचारलं, "ते तरी खरं होतं का?"

"ते खरं होतं गं. अगदी खरं."

धाकटीने मान डोलावली, पण तिला ते पटलेलं नव्हतं, आणि ते पटवायला थोरलीजवळ आता काहीच उरलं नव्हतं.