पारापुढची लेझीम

सुनंदाच्या गावची जत्रा बघायला मी निघाले, तेव्हा घरात कुणालाच ते पटलं नव्हतं. "एवढ्या उन्हात तिकडे काय बघायचंय?" असं नवऱ्याने विचारलं आणि नेहमीप्रमाणे उत्तरही स्वतःच दिलं, "जाशीलच तू."

सुनंदा ऊसतोडीला येते. कराडजवळच्या आमच्या मळ्यालगत दर हिवाळ्यात तिची टोळी उतरते, आणि पाण्याला येता येता आमची मैत्री जमली. यंदा काम उरकलं की टोळीतल्या बायका आपल्या कोप्यांसमोर (कोपी म्हणजे पाचटाची, उसाच्या वाळल्या पाल्याची झोपडी) उसाची टिपरी हातात धरून लेझीम शिकायच्या. मी शाळेत कवायत शिकवत असे, त्यामुळे मलाही राहवेना. चार हात मीही दाखवले. हंगाम संपला तेव्हा सुनंदा म्हणाली, "मॅडम, जत्रंला या. औंदा पालखीपुढं आमी खेळनार." चार हात शिकवून ठेवल्यावर न जाऊन कसं चालेल?

नगरला उतरून पाथर्डीची एसटी धरली. करंजीचा घाट मागे पडला तसा हिरवा रंग कमी होत गेला. नांगरून ठेवलेली रानं, बांधावर एखादा लिंब, कडेला पाण्याचा टँकर. पुढे जीप होती. तिच्यात माणसं किती मावतात हे ड्रायव्हरलाही माहीत नसावं, कारण तो प्रत्येक फाट्यावर नव्याने प्रयत्न करत होता. माझ्या मांडीवर कुणाची तरी कोथिंबिरीची जुडी आली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली.

गावात उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. दोन्ही चपला हातात घेऊन, चटके खात, मी देवळाकडे चालू लागले. देवळापुढच्या पिंपळाला दगडी पार आहे. त्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि एक जण मोठ्याने म्हणाला, "पाव्हनी शहरातली दिसती, पर वळनाची हाय." मी खूश झाले. या कौतुकाचा अर्थ मला तेव्हा कळलाच नव्हता.

तो सुनंदाने घरी पोचल्यावर सांगितला, आणि सांगताना ती हसत होती. पारावर थोरले बसलेले असले की गावच्या सुना त्यांच्यासमोरून जात नाहीत. देवळामागे एक अरुंद बोळ आहे, तिच्यातून वळसा घालतात. इलाजच नसेल तर चपला हातात घेऊन, पदर ओढून, खाली बघत जायचं.

"फडात आमी गड्यांच्या बरुबर ऊस तोडतो, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढतो," ती म्हणाली. "तवा पदर कुनी बघत न्हाई. गावात आलो का लगीच बोळ." हे सांगताना ती हसत नव्हती. आणि पालखी जाते ती नेमकी पारापुढून.

संध्याकाळी तिच्या सासूने, गयाबाईंनी, शेंगोळे केले होते (हुलग्याच्या पिठाचे, हाताने वळून झणझणीत रश्श्यात शिजवलेले). मी दुसऱ्यांदा वाढून घेत होते, तेवढ्यात सासरे रामभाऊ भिंतीकडे बघत बोलले. त्या घरात सुनेशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं.

"शाळंच्या पटांगनात काय नाचायचं त्ये नाचा. पारापुढं पाय टाकला, तर त्या पायानं या घरात यायचं न्हाई."

सुनंदाचा नवरा ताटात बघत राहिला. गयाबाई रस्सा वाढत राहिल्या. सुनंदाने तव्यावरची भाकरी उलटली, पण "बरं" म्हणाली नाही. या बाईला घराबाहेर काढण्यात माझ्या चार हातांचा वाटा असणार होता.

सकाळी मी तिला विचारलं, "मग काय ठरवलंस?"

"ठरलेलं हाय, मॅडम. भ्या वाटतंय, पर ठरलेलं हाय."

ऊन कलल्यावर पालखी निघाली. पुढे दोन रांगांत या बायका होत्या. गणवेशाला पैसे कुठले? पाचट हाताला कापू नये म्हणून फडात साडीवर पुरुषी शर्ट घालतात, तेच शर्ट धुऊन, इस्त्री करून घातले होते. पदर खोचलेले, डोकी उघडी. हलगी कडाडली, सुनंदाने शिट्टी फुंकली आणि लेझमी एकदम खणखणल्या. शिकताना हातात धरलेल्या उसाच्या टिपऱ्यांना आवाज नव्हता. आज या बायकांना पहिल्यांदाच आपला आवाज ऐकू येत होता. काय खेळत होत्या! खाली वाकून, उसळून वर, गिरकी घेऊन पुन्हा रांगेत. कवायत शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण असा जोर मी कुठल्याही पटांगणावर पाहिला नव्हता.

पार जवळ आला. वर रामभाऊ, शेजारी सगळे थोरले. आणि तिथेच घोटाळा झाला. पहिल्या दोघी, एकही हात न चुकवता, डावीकडे वळून बोळीच्या दिशेने निघाल्या! त्यांच्यामागे पुढच्या दोघी, त्यांच्यामागे आणखी दोघी. लग्न होऊन आल्यापासून पाय त्या वळणावर वळत आले होते, आज ते कुणाला विचारणार? पारावर हशा पिकला. "गेली लेझीम बोळीत!" कुणी तरी ओरडलं. सुनंदाच्या तोंडातली शिट्टी गळाली. तिचे डोळे भरून आलेले मला दिसले, आणि मला त्या हसणाऱ्यांचा असा संताप आला की सांगता सोय नाही.

बोळीच्या तोंडाशी गयाबाई उभ्या होत्या. त्यांच्या सासूने दाखवली ती बोळ त्यांनी जन्मभर धरली होती, आणि नव्या सुनेला हात धरून तीच दाखवली होती. त्यांनी दोन्ही हात भिंतींना लावून बोळ अडवली.

"हिकडं कुठं?" त्या ओरडल्या. "मागं फिरा! सरळ जा!"

हशा थांबला. सुनंदाने शिट्टी पुन्हा तोंडात धरली आणि लांब फुंकली. हलगीवाल्याने ठेका धरून ठेवला होताच. बायका बोळीकडे पाठ न करता, एकेक पाऊल मागे टाकत, खेळतच रस्त्यावर आल्या आणि पारासमोर त्यांनी गोल धरला. नुसत्या पुढे गेल्या असत्या तरी चाललं असतं. पण नाही! तिथेच, थोरल्यांच्या समोर, दम संपेपर्यंत खेळल्या. पालखी मागे थांबून राहिली. मी टाळ्या पिटत होते आणि रडतही होते.

खेळ संपल्यावर सुनंदा घराच्या उंबऱ्याशी येऊन थबकली.

"थांबली कशाला? हो आत," गयाबाई म्हणाल्या. रामभाऊ आले, तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. "हिला काढायचं आसंल तर मलाबी काढा. सरळ जा म्या म्हनलं. भाकऱ्या थापायचं तेवढं तुमी बघा."

रामभाऊंनी बराच वेळ लावून पाय धुतले. मग आत येऊन, या वेळी भिंतीकडे न बघता, म्हणाले, "सुनंदा, वाढ."

दुसऱ्या दिवशी मी निघाले. जत्रेतल्या चांभाराने चप्पल शिवून दिली होती. गयाबाई मला जीपपर्यंत घालवायला आल्या. पार दिसताच, आता रीत माहीत झाल्यामुळे, मी बोळीकडे वळले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तिकडं आता शेळ्या बांधनार हाय मी."

आम्ही पारापुढून गेलो. त्यांच्या पायांत चपला होत्या आणि त्या चांगल्या वाजत होत्या. वरून रामभाऊंनी विचारलं, "कुठं चालली?"

"पाव्हनीला घालवाया," गयाबाई चालता चालता म्हणाल्या.

"बरं," रामभाऊ म्हणाले.

परतीच्या प्रवासात मी मनाशी सगळी लेझीम पुन्हा खेळले. आम्ही शाळेत मुलींना पाय कसा उचलायचा ते शिकवत आलो. तो कुठल्या रस्त्यावर टाकायचा, हे कधी शिकवलं नाही. ते या बायकांनी आपलं आपणच शिकून घेतलं होतं. घरी पोचले तेव्हा नवऱ्याने दारातच विचारलं, "मग, एवढ्या लांब जाऊन काय बघितलंस?"

"एक म्हातारी बाई," मी म्हणाले, "रस्त्याने चालताना बघितली."