दुखवट्याचा बंबखाना

आमच्या गावात बंबखाना झाला त्याचं श्रेय अजूनही लोक अध्यक्षांना देतात. देऊ देत. मला मात्र तो विषय निघाला की तोंड कडू होतं.

गाव आमचं हिंगोली-सेनगाव वाटेवरचं, बाजाराचं आणि कापसाचं. राज्य निजामाचं. एका हिवाळ्यात मोठ्या आडत्याच्या आवारातला कापूस पेटला आणि वारा नेमका आमच्या आळीकडे होता. निम्मी आळी गेली. माझा थोरला दीर बैल सोडायला आत शिरला आणि वरून आढं कोसळलं. बैल बाहेर आले, तो आला नाही. थोरली जाऊ एका दुपारीत विधवाही झाली आणि बेघरही. पोटी लेकरू नव्हतं. ती सरळ आमच्याकडे राहायला आली.

आमचं घर आळीच्या टोकाचं, दोन खणांचं, म्हणून वाचलेलं. जाऊचं आणि माझं लग्नापासून पटलेलं नव्हतं. माझ्या भाकरी जाड, माझं सारवण खरबरीत, माझी पोरं वळण नसलेली. आता ती माझ्याच चुलीपुढे बसून हे बोलू लागली. मिठाची बरणी मला न विचारता उघडायची. खोटं कशाला सांगू, तिचं दुःख मला दिसत होतं आणि ती मला घरात नको होती. तिचं जळकं घर पुन्हा उभं राहावं असं गावात मनापासून दोघींनाच वाटत होतं, तिला आणि मला.

तेवढ्यात आडत्यानं कमिटी काढली. आगीचा बंब आणायचा, त्यासाठी बंबखाना बांधायचा, गावोगाव फिरून वर्गणी जमवायची. अध्यक्ष तो स्वतःच. ज्याच्या कापसानं आमची आळी खाल्ली तोच फेटा बांधून लोकांपुढे हात पसरायला निघाला, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. माझा नवरा त्याच्या काट्यावर कापूस तोलायचा. तो तर दुसऱ्या दिवसापासून ‘आमची कमिटी’ म्हणायला लागला.

एका संध्याकाळी अध्यक्ष स्वतः आमच्या दारात आले. “बाईला वर्गणीच्या गाडीत घ्या,” ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. “जळीत काय असतं ते लोकांना डोळ्यानं दिसू द्या. जमलेल्या पैशातून बाईचं घर उभं करून देतो. माझी जबान हाय.”

जाऊ दाराआडून ऐकत होती. घर म्हटल्यावर ती तयार झाली. बाईमाणूस एकटं कसं जाणार, म्हणून सोबतीला मला बसवलं. गाडीत आम्ही एकमेकींकडे पाठ करून बसलो.

पहिलं गाव साखरा. अध्यक्षांनी चावडीपुढे भाषण केलं. बंब म्हणजे काय, त्याचा नळ केवढा लांब, पाणी किती उंच उडतं. माणसं ऐकत होती, तंबाखू मळत होती. एक म्हातारा म्हणाला, “शेठ, तुमचा बंब तुमच्या गावात. आमचं खळं पेटलं तर तो येईस्तोवर राखुंडी राहील का?” सगळे हसले. एक दमडी पडली नाही.

इकडे बायकांना कळलं की गाडीत जळितातली बाई आहे. मग काय! आमच्याकडे दुःखाचं माणूस दारी आलं की त्याच्या गळ्यात पडून रडायचं असतं. एकेक बाई आली, जाऊच्या गळ्यात पडली आणि हेल काढून रडली. जाऊही रडली. तोवर ती मोकळी रडलीच नव्हती, माझ्या घरात कुठं रडणार? रडून झाल्यावर बायका घरात गेल्या आणि दुखवटा घेऊन आल्या. कुणी पायलीभर ज्वारी, कुणी चोळीचा खण, कुणी हातात कोंबलेला रुपया. पाटलाच्या म्हातारीनं एक बिनकाठाचं कोरं लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं.

अध्यक्ष लांबून बघत होते. मी त्यांचं तोंड बघत होते. सौदा जमताना व्हायचं तसंच झालं होतं.

पुढच्या गावापासून भाषणातला बंब गेला. “ह्या बाईचं घर जळालं, धनी जळाला, मदत करा,” एवढंच. जाऊला गाडीच्या तोंडाशी बसवायचे. बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेलो तिथंही बायांनी तिला कवटाळलं, त्यांच्या चालीत रडल्या आणि एकीनं दाव्यासकट शेळी दिली. गाडी भरायला लागली.

रात्री परतल्यावर सगळं आडतीवर उतरवून घेतलं. ज्वारी, खण, शेळीसुद्धा. दुसऱ्या दिवशी लिलाव. जाऊ गाडीतून उतरेना.

“ह्यो दुखवटा हाय,” ती म्हणाली. “दुखवटा इकत नसत्यात.”

“बाई, जे आलं ते फंडाचं,” अध्यक्ष म्हणाले. “घर तुमचंच व्हायचं हाय. आधी बंबखाना, मग तुमचं छप्पर. जरा सबुरी ठेवा.”

सगळं गेलं. साखऱ्याचं लुगडं तेवढं ती अंगाखाली घेऊन बसली होती, ते राहिलं.

पुढच्या फेरीत, नरसीला मात्र तिचे डोळे कोरडे ठाक राहिले. बायका गळ्यात पडत होत्या आणि ही खांबासारखी उभी. अध्यक्षांनी माझ्या नवऱ्याला खूण केली, नवरा माझ्याकडे आला. “तिला रड म्हणाव,” तो दबक्या आवाजात म्हणाला. मला दोघांचीही किळस आली. पण निरोप मी पोचवला, कारण घर मलाही हवं होतं.

“रडा म्हनत्यात, जाऊबाई.”

तिनं मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “तुझ्या नवऱ्याला रडाया सांग. भाऊ त्याचा मेलाय.”

त्यानंतर ती कधीच रडली नाही. वर्गणीही थांबली. पण तोवर पुरेसं जमलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात बंबखाना उभा राहिला. पक्क्या विटांचा, दोन खणांचा, वर नवे पत्रे, रुंद दार. कुठे? आडत्याच्या कापसाच्या आवाराला लागून. जाऊच्या जळक्या जागेवर धोतरा उगवला होता. ती विचारायला गेली तर अध्यक्ष म्हणाले, “पैका सरला, बाई.” एवढंच. नजरसुद्धा वर केली नाही. मी घरी येऊन भांडी आपटली. नवरा म्हणाला, आता त्यांनी तरी किती करायचं? त्या दिवशी त्याला मी जेवायला वाढलं नाही.

उद्घाटन बाजाराच्या दिवशी ठेवलं होतं. पितळेचा बंब चकचकीत पुसून, हार घालून दारात उभा. खुर्चीवर तहसीलचे साहेब. वाजंत्री. जाऊ आणि मी गर्दीच्या कडेला, एकमेकींपासून हातभर अंतर ठेवून.

तेवढ्यात साखऱ्याच्या बायका आल्या. पाटलाची म्हातारी पुढे. डोक्यावर टोपली, टोपलीत ज्वारी, मीठ, नवी केरसुणी, दुधाचा तांब्या. त्यांच्याबरोबर नरसीच्या आणि तांड्यावरच्याही होत्या. बाईचं घर झालं असं त्यांनी मागच्या बाजारात ऐकलं आणि त्या घरभरणीला आल्या होत्या. त्यांनी दुखवटा दिला होता, तो घराला लागला असणारच. दुसरीकडे तो जाऊ शकतो हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

म्हातारीनं मला विचारलं, “ह्येच का गं बाईचं घर?”

मी अध्यक्षांकडे बघितलं. फेटा बघितला.

“व्हय,” मी मोठ्यानं म्हणाले. “ह्येच घर. चला आत.”

जाऊनं माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

बायका बंबाला वळसा घालून आत शिरल्या. कुणी मागच्या खणात केर काढला, कुणी तीन दगड मांडले. म्हातारीनं जाळ केला आणि दूध उतू घालवलं. पत्र्याखालून धूर बाहेर आला तेव्हा वाजंत्री थांबली. अध्यक्ष धावत आले. “बंबखान्यात चूल? काहून पेटवून राहिल्या? भाईर व्हा समद्या!”

म्हातारी जागची हलली नाही. “मंग आमचा दुखवटा कोनाला गेला, शेठ?”

बाजार गोळा झाला होता. त्यात कापूस घेऊन येणारी सगळी गावं होती. आपण दुखवटा विकला हे त्या माणसांपुढे कबूल करायचं, आणि पुढच्या हंगामात त्यांच्या गाड्या सरळ हिंगोलीला जाताना बघायच्या, एवढी हिंमत अध्यक्षांत नव्हती. त्यांनी फेटा सावरला. मग हसायचा प्रयत्न करत साहेबांना म्हणाले, “बाई इथंच ऱ्हाईल. राखन व्हईल बंबाची.”

बंब बाहेर छपरात गेला. जाऊ आत राहिली. सकाळ-संध्याकाळ तिच्या चुलीचा धूर आडतीच्या गादीवरून दिसायचा. अध्यक्षांनी तो राग माझ्या नवऱ्यावर काढला, त्याला काट्यावरून हाकललं. नवऱ्यानं तो माझ्यावर काढला. आम्ही मोलमजुरीवर आलो. जाऊनं माझे आभार मानले नाहीत आणि मी तिच्या दारात पाय ठेवला नाही.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात माझा नवरा तापानं गेला. जाऊ तेराव्यापर्यंत माझ्या घरात होती. माझ्या भाकरी अजून जाडच आहेत हेही तिनं सांगितलं. बायका येऊन रडून गेल्या, हिच्या डोळ्यांतून टिपूस नाही. माझ्या माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून दुखवट्याचं लुगडं घेऊन कुणी यायचं नव्हतं. भावकीतल्यांनी ते द्यायचं नसतं. तिला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं.

तेराव्याची माणसं पांगल्यावर ती बंबखान्यात जाऊन आली. घडीवर पिवळं पडलेलं ते साखऱ्याचं कोरं लुगडं तिनं माझ्या मांडीवर ठेवलं.

“इकलं न्हाई ह्ये,” ती म्हणाली. “नेस. आन कुनी रड म्हनलं तर रडू नको.”

मग ती तिच्या घरी गेली. मी दार लावून घेतलं आणि पोटभर रडले.