सुलेखाचं मशीन

पुंजारामनं व्हॅनच्या तळाला पेचकस टोचला आणि तो सरळ आरपार गेला. एकदा टोचून खात्री पटली नाही म्हणून की काय, त्यानं आणखी तीन ठिकाणी टोचून पाहिलं. पडेगाव रस्त्यावर त्याचं गॅरेज, आणि भावसिंगपुऱ्यातल्या निम्म्या गाड्या त्याच्याच हातच्या.

"वहिनी, भंगारात घाला. पत्रा पार सडला. तपासणीत पास व्हायची नाय ही."

सुलेखा हिवराळे वाकून त्या भोकांकडं बघत राहिली. याच व्हॅनमधून नऊ पोरं ती रोज शाळेत नेऊन सोडायची. पोरांच्या बाटल्या सांडायच्या, पाणी रबराच्या चटईखाली जाऊन बसायचं आणि तिथंच मुरायचं. गाडी वरून चकाचक आणि खालून चाळण. जूनच्या दहाला फिटनेसची तपासणी होती, सोळाला शाळा. गाडी पास झाली नाही, तर नऊही घरं दुसरी व्हॅन बघणार होती. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

"नवा पत्रा लावून वेल्डिंग केलं तर?"

"महिनाभर तरी नंबर नाय लागायचा. माझ्याकडं आधीच गाड्यांची रांग लागलीये."

"मग मीच करते."

पुंजाराम हसला. वाईट माणूस नव्हता तो, पण हसला. "वहिनी, हे काय शिवणकाम हाय का?"

आता हे वाक्य त्यानं कुणापुढं टाकलं ते पाहा. सुलेखानं वाळूजच्या एका कारखान्यात सतरा वर्षं पत्रा जोडला होता. आधी स्पॉट वेल्डिंगवर, नंतर सीओटू वायूवर चालणाऱ्या वेल्डिंगच्या बंदुकीवर. तिनं जोडलेले पार्ट घेऊन किती गाड्या देशभर पळत असतील, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. कागदावर मात्र ती पहिल्या दिवशी हेल्पर होती आणि शेवटच्या दिवशीही हेल्परच. लाइनवर यंत्रमानव आले तेव्हा काढून टाकलेल्यांच्या यादीतही तिच्या नावापुढं तेच होतं. या गोष्टीचा तिला राग होता आणि तो राग तिनं कधी लपवला नाही.

घरी आल्यावर सासूनं, कडूबाईनं, सगळं ऐकून घेतलं. सुलेखाचा नवरा पुण्याकडं कंपनीत, महिन्याला एकदा येणारा. तेव्हा घरातलं वरिष्ठ न्यायालय म्हणजे ही म्हातारी.

"घर पेटवशील," कडूबाई म्हणाली.

"नाय पेटवणार, आत्या."

"मंग आण मशीन. पर तो हसला ना, त्याला दाखवून दे."

दुसऱ्या दिवशी सुलेखानं भंगारातल्या एका सडक्या व्हॅनच्या दारातून हातभर पत्रा कापून आणला, तो पिशवीत घातला आणि जाफर गेट गाठलं. तिथल्या मुनीरभाईच्या दुकानात भिंतभर वेल्डिंगच्या मशिनी. मुनीरभाईनं सवयीप्रमाणं सगळ्यात मोठ्या डब्यावर हात ठेवला.

"बाजी, ये ले जाओ. ढाईसौ अँपिअर. लोखंड का गेट हो, ट्रॉली हो, सब जोड देगी."

"खाली किती येतं?"

"हौ?"

"मशीन वर किती अँपिअरला जातं ते नका सांगू, भाई. खाली किती येतं ते सांगा."

मुनीरभाईला हा प्रश्न नवा होता. गिऱ्हाईक यायचं ते मोठा आकडा बघायचं. ज्याचा आकडा मोठा ते मशीन भारी, असा सगळ्या बाजाराचा समज. गेट बनवणाऱ्याचं त्यात भागतं. पण गाडीचा पत्रा एक मिलिमीटरही नसतो. त्याला ताकद नाही, संयम लागतो. हे सुलेखाला कुणी वर्गात शिकवलं नव्हतं, तिच्या हाताला माहीत होतं.

तिला पटावं म्हणून मुनीरभाईनं बोटभर जाड पट्टी घेतली आणि रॉड लावून झकास टाका मारून दाखवला. दुकानात उभे असलेले दोघं-तिघं वा वा म्हणाले. सुलेखानं पिशवीतून दाराचा तुकडा काढून त्याच्यापुढं धरला.

"आता यावर मारा."

त्यानं मारला. रॉड टेकला न टेकला तोच पत्र्याला रुपयाएवढं भोक. त्यानं करंट कमी केला, पुन्हा मारला. रॉड आधी चिकटून बसला, मग दुसरं भोक पडलं. वा वा म्हणणारे आता छताकडं बघत होते.

"पत्राच खराब है बाजी," मुनीरभाई म्हणाला.

"माझ्या गाडीला हाच पत्रा हाय."

मग सुरू झाली खरी खरेदी, आणि ती दीड तास चालली. एक मशीन स्वस्त होतं, पण त्याची जोड भरणारी वायर बिनगॅसची. ते पातळ पत्र्यावर जास्त तापतं म्हणून तिनं बाजूला सारलं. एक सुरेख होतं, पण त्याला थ्री फेज हवं, आणि भावसिंगपुऱ्याच्या गल्लीत थ्री फेज कुठून आणणार? तिसरं घरच्या पावर प्लगवर चालणारं, तीस अँपिअरपर्यंत खाली येणारं, बारीक वायरीचं, गॅस जोडता येणारं. दिसायला अगदीच किरकोळ. मुनीरभाईनं ते पार कोपऱ्यात ठेवलं होतं.

"व्होल्टेज पडल्यावर चालतं का?" तिनं विचारलं. "आमच्या गल्लीत दुपारी सगळे कूलर लागले की दिवे रडतात."

"अब ये तो मेरेकू बी नै मालूम," तो खरं बोलला.

तिनं ते लावायला सांगितलं. काळा चष्मा चढवला, बंदूक स्वतः हातात घेतली आणि दाराच्या तुकड्याला दुसरा तुकडा जोडून बारके बारके आठ टाके मारले. एकही भोक पडलं नाही. मुनीरभाईनं तुकडा गार होऊ दिला, दोन्ही हातांनी पिरगाळून पाहिला. जोड सुटला नाही. लहान गॅसबाटलीसकट मशीन तिच्या गाठीच्या पैशांत बसलं, आणि काळं हेल्मेट त्यानं वर दिलं, न मागता.

आता सगळं सुरळीत झालं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण सुलेखानं पहिल्याच दिवशी माती खाल्ली. बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेऊन ठेवली, सडका भाग कापला, नवा पत्रा बसवला, सगळं नीट. आणि मग हाताला लाइनचा वेग आठवला. अडतीस सेकंदांत एक पार्ट, मागं सुपरवायझर उभा, असा सतरा वर्षांचा वेग. ती सरसर ओढत गेली आणि पत्रा तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगला.

ती तशीच ओट्यावर बसली. लई रडू आलं तिला. कारखाना सुटून तीन वर्षं झाली, तरी तो सुपरवायझर अजून खांद्यावर बसून होता, आणि तिच्याच अंगणात तिचंच काम बिघडवत होता.

"कोण पाठी लागलंय तुझ्या?" कडूबाईनं विचारलं.

"कुणी नाय."

"मंग हळू कर की."

सुलेखा उठली. फुगलेला पत्रा तिनं कापून फेकला आणि नवा घेतला. आता सकाळी सहा ते नऊ, गल्लीतले कूलर बंद असताना, तेवढंच काम. एक टाका इकडं, एक पार तिकडं, मग हात टेकवता येईपर्यंत थांबायचं. भोक पडू नये म्हणून मागून तांब्याचा पत्रा धरावा लागतो. तो काही मिळेना, तेव्हा कडूबाईनं आपला गळका तांब्या काढून दिला आणि ठोकून सपाटही करून दिला. बघ्या पोरांनी झगझगाटाकडं पाहू नये म्हणून म्हातारी रोज पाण्याची बादली आणि काठी घेऊन फाटकात बसायची. पाच सकाळींत तळ झाला. वर गंजरोधक रंग, सांध्यांना सील.

नऊ तारखेला पुंजाराम आला. गाडीखाली सरकून बराच वेळ बघत राहिला. बाहेर आल्यावर त्यानं खिशातून बिलबुक काढलं.

"वहिनी, काम चांगलं झालं. माझ्या गॅरेजचं बिल लावा. पैसे नकोत मला. गॅरेजचं नाव दिसलं की तिथं कुणी जास्त विचारत नाय."

त्याला खरोखर मदत करायची होती. तपासणी उद्यावर, आणि कागद समोर. एक सही, की नऊ पोरं आणि पुढचं सगळं वर्ष पक्कं. सुलेखानं बिलबुक एका बोटानं मागं सारलं.

"भाऊ, पत्रा मी कापला, टाका मी मारला. मंग नाव तुमचं कामून?"

"अवो, नुसतं नावापुरतं..."

"नावापुरतंच तर सतरा वर्षं चाललं होतं. राहू द्या तुमचं बिलबुक."

दहा तारखेला तपासणीच्या साहेबांनी गाडीखाली बॅटरी मारली, हातोडीनं तळ ठोकला. टणटण आवाज आला. मग पायरीजवळ बोट फिरवलं आणि थांबले. "ही कड धारदार आहे, बाई. पोरांचा पाय कापेल. घासून आणा."

सुलेखानं हात लावून पाहिलं. साहेब खरं बोलत होते. तिनं हुज्जत घातली नाही, कड घासून गोल केली आणि तेराला पुन्हा गाडी नेली. या खेपेला साहेबांनी तळावर उभं राहून दोनदा उड्या मारल्या, आणि फॉर्म पुढं ओढला.

"काम कुठल्या गॅरेजात केलं?"

"घरी."

साहेबांनी मान डोलावली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: दुरुस्ती घरगुती. शिक्का उचलला.

सुलेखानं फॉर्मवर तळहात ठेवला. मागं गाड्यांची रांग होती, हॉर्न वाजत होते.

"साहेब, घरगुती पापड असतात. ते खोडा."

"मग काय लिहू?"

"वेल्डर, सुलेखा हिवराळे."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, पेन पुन्हा उघडलं आणि लिहिलं. तिनं फॉर्म आपल्याकडं फिरवून अक्षर अन् अक्षर वाचलं, मग तळहात काढला.

"हं, आता मारा शिक्का."